डायसन स्फिअर प्रोग्रॅम: हायड्रोजन तुंबून रिफायनरी बंद पडते, त्यावरचे पक्के उपाय

डायसन स्फिअर प्रोग्रॅम या कारखाने उभारण्याच्या गेममध्ये पिवळी मॅट्रिक्स (संशोधनासाठी लॅबमध्ये बनणारा माल) तयार होणे अचानक थांबते. लॅबपासून मागे मागे जात तपासले तर टायटॅनियम क्रिस्टल संपलेले, त्याच्यामागे ऑरगॅनिक क्रिस्टल नाही, त्याच्यामागे प्लास्टिक नाही, आणि अखेर रिफाइंड ऑइलचा बेल्ट कोरडा पडलेला दिसतो. क्रूड ऑइल मात्र रिफायनरीच्या तोंडापर्यंत खचाखच भरलेले असते. वीज पुरेशी, सॉर्टर (बेल्ट आणि यंत्र यांच्यात माल उचलून ठेवणारे हात) जागेवर, तरी एकही रिफायनरी चालत नाही. गेम चालू ठेवून बाजूला झालेल्या खेळाडूला तासा-दोन तासांनी परतल्यावर हेच चित्र दिसते. थोडा हायड्रोजन हाताने काढून टाकला की सगळे पुन्हा धावू लागते, आणि पुढच्या वेळी पुन्हा तसेच ठप्प.

आधी रोग हाच आहे का ते पाहा

थांबलेल्या रिफायनरीवर क्लिक करा आणि बाहेर येणाऱ्या मालाचे दोन चौकोन पाहा. हायड्रोजनचा चौकोन भरलेला आणि रिफाइंड ऑइलचा रिकामा असेल तर पुढचे सगळे तुमच्यासाठी आहे. रिफाइंड ऑइलच भरून राहिले असेल तर अडचण पुढे आहे: केमिकल प्लँटला ग्रॅफाइट किंवा पाणी मिळत नसणार. दोन्ही रिकामे आणि क्रूडही नसेल तर तेलाच्या झऱ्याकडे बघा. उपसा होत जाईल तसा झऱ्याचा वेग घटत जातो आणि शेवटी सेकंदाला ०.१ वर येऊन टिकतो. सुरुवातीला सहा रिफायनऱ्यांना पुरणारा झरा नंतर दोघींनाही पुरत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

त्यानंतर ‘पी’ दाबून आकडेवारीचा तक्ता उघडा आणि हायड्रोजनचे उत्पादन व वापर यांची तुलना करा. दहा मिनिटांच्या आणि तासाभराच्या दोन्ही नोंदी पाहा. मिनिटाभराच्या आकड्यावर विसंबू नका. रिफायनरी थांबलेली असताना उत्पादनही शून्य दिसते आणि वापरही, आणि सारे जुळल्यासारखे वाटते.

हायड्रोजनच का तुंबतो

प्लाझ्मा रिफायनिंगची कृती अशी: २ क्रूड ऑइलपासून २ रिफाइंड ऑइल आणि १ हायड्रोजन, वेळ ४ सेकंद. एका यंत्रातून दोन प्रकारचा माल निघतो, आणि त्यातल्या कोणत्याही एकाला जागा उरली नाही की यंत्र थांबते. दुसऱ्याची मागणी कितीही असो, त्याने फरक पडत नाही. एका रिफायनरीतून सेकंदाला ०.२५ हायड्रोजन येतो. हा ओघ थेंबासारखा दिसतो, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते.

पहिला विचार सगळ्यांचा एकच असतो: एक साठवण टाकी बसवू. टाकीत १०,००० मावतात. सहा रिफायनऱ्या सेकंदाला १.५ हायड्रोजन देतात, म्हणजे टाकी ६,६६७ सेकंदांत, सुमारे १ तास ५१ मिनिटांत भरते. टाकीवर टाकी चढवली तर तेवढाच वेळ आणखी मिळतो. इंटरस्टेलर लॉजिस्टिक्स स्टेशनच्या (ग्रहांमध्ये माल पाठवणाऱ्या केंद्राच्या) एका खान्यातही मुळात १०,०००च मावतात, तेव्हा स्टेशन जोडल्यानेही हिशोब बदलत नाही. टाकी हवीच असेल तर चढउतार झेलण्यापुरती ठेवा. हायड्रोजन शेवटी कुठेतरी खर्ची पडलाच पाहिजे.

या पोस्टमधले सगळे उपाय एका नियमातून निघतात. जे यंत्र दोन प्रकारचा माल देते त्याचा माल आधी वापरायचा, आणि जे एकच माल देते त्याच्याकडून फक्त उरलेली गरज भागवायची. एकच माल देणारे यंत्र तुंबले तर बिघडत नाही, मागणी आली की ते पुन्हा चालू होते. दोन माल देणारे यंत्र तुंबले की ते सोबतच्या दुसऱ्या मालालाही अडवते.

आत्ता लगेच चालू करायचे असेल तर

हायड्रोजनच्या बेल्टचा एक तुकडा काढून टाका. त्यावरचा माल आयकॅरसच्या (खेळाडू चालवतो त्या यंत्रमानवाच्या) पिशवीत येतो आणि रिफायनरीला श्वास घ्यायला जागा होते. तो हायड्रोजन आयकॅरसच्या इंधन कप्प्यात टाकता येतो. हे करताना बेल्टची दिशा आणि सॉर्टरचे फिल्टर नीट पाहून घ्या. अनेकदा मूळ चूक तिथेच सापडते: रिफायनरीच्या बाहेरच्या सॉर्टरला फिल्टर लावलेलाच नसतो, तो हाताला येईल तो माल उचलतो, आणि रिफाइंड ऑइलच्या बेल्टवर मध्येमध्ये हायड्रोजन जाऊन बसतो. प्लास्टिकच्या केमिकल प्लँटला हायड्रोजन नको असतो, म्हणून तो बेल्टच्या टोकाशी साचतो आणि मागचे सगळे अडवतो. प्रत्येक रिफायनरीला बाहेर जाणारे दोन सॉर्टर हवेत, एकाचा फिल्टर हायड्रोजन आणि दुसऱ्याचा रिफाइंड ऑइल. दोघांचे बेल्टही वेगळे.

फक्त रिफाइंड ऑइल हवे असेल तर: रिफॉर्म्ड रिफाइनमेंट

प्लास्टिक, ऑरगॅनिक क्रिस्टल आणि सल्फ्युरिक ॲसिड यांना रिफाइंड ऑइल लागते, हायड्रोजन लागत नाही. या तिन्हींसाठी सगळ्यांत स्वच्छ उपाय रिफॉर्म्ड रिफाइनमेंट हाच आहे, आणि तो जितका वापरला जायला हवा तितका वापरला जात नाही. कृती: २ रिफाइंड ऑइल, १ हायड्रोजन आणि १ कोळसा यांपासून ३ रिफाइंड ऑइल, वेळ तोच ४ सेकंद.

आता जोडी लावा. एक रिफायनरी प्लाझ्मावर, एक रिफॉर्मवर. पहिलीतून निघालेले २ रिफाइंड ऑइल आणि १ हायड्रोजन दुसरीला नेमके तेवढेच लागतात. एकूण आत गेले २ क्रूड आणि १ कोळसा, बाहेर आले ३ रिफाइंड ऑइल. हायड्रोजन शून्य.

आकड्यांत पाहू. सेकंदाला ३ रिफाइंड ऑइल हवे असेल तर नुसत्या प्लाझ्माने ६ रिफायनऱ्या आणि सेकंदाला ३ क्रूड लागतात, वर १.५ हायड्रोजनचे ओझे. जोडीच्या पद्धतीने ४ प्लाझ्मा आणि ४ रिफॉर्म, क्रूड फक्त २ आणि कोळसा १. विजेचा खर्च ५.७६ मेगावॅटवरून ७.६८ मेगावॅटवर जातो, कारण प्रत्येक रिफायनरी ९६० किलोवॅट घेते. एक तृतीयांश क्रूड वाचते, आणि झरे आटत असताना ही बचत विजेच्या जादा खर्चापेक्षा मोलाची ठरते.

मांडणी अशी ठेवा:

१. प्लाझ्मा रिफायनऱ्यांचे रिफाइंड ऑइल एका बेल्टवर घ्या. तो बेल्ट फक्त रिफॉर्म रिफायनऱ्यांकडे जाईल आणि तिथेच संपेल.

२. त्यांचा हायड्रोजन दुसऱ्या बेल्टवर घ्या. तोही रिफॉर्मकडेच जाऊन संपेल.

३. कोळसा तिसऱ्या बेल्टवरून आणा. प्रत्येक रिफॉर्म रिफायनरीला सेकंदाला ०.२५ कोळसा लागतो.

४. रिफॉर्मचे रिफाइंड ऑइल चौथ्या, पूर्ण स्वतंत्र बेल्टवर काढा. कारखान्याला जाणारे तेल फक्त इथून घ्यायचे.

चौथी पायरी मोडली की रोग परत येतो. सल्फ्युरिक ॲसिडला थोडे तेल हवे म्हणून कोणी पहिल्या बेल्टला फाटा काढतो. त्या क्षणी रिफॉर्मला तेल कमी पडते, तिचा वेग घटतो, ती हायड्रोजन कमी खाते, आणि प्लाझ्मा रिफायनरी तुंबते. बाहेरून, म्हणजे स्टेशनमधून किंवा ऑर्बिटल कलेक्टरकडून (वायूच्या महाग्रहाभोवती फिरत वायू गोळा करणाऱ्या यंत्राकडून), आलेला हायड्रोजनही या बेल्टवर सोडू नका. कोळसा आटला तरी हेच होते, म्हणून तेलाच्या तुंबण्याची तक्रार असताना कोळशाची खाणही एकदा पाहून या.

थोडी ढील हवी असेल तर चार प्लाझ्मांना पाच रिफॉर्म जोडा. पाचवी बहुतेक वेळ उपाशी बसेल. बसू द्या. तिच्यामुळे हायड्रोजन साचायला वाव राहत नाही.

लाल मॅट्रिक्सच्या ओळीत

लाल मॅट्रिक्सला हायड्रोजन लागतो, म्हणून इथे तुंबणार नाही असा समज असतो. एका मॅट्रिक्सला २ एनर्जेटिक ग्रॅफाइट आणि २ हायड्रोजन लागतात, लॅबमध्ये ६ सेकंदांत. एक्स-रे क्रॅकिंगमध्ये १ रिफाइंड ऑइल आणि २ हायड्रोजन जाऊन ३ हायड्रोजन आणि १ ग्रॅफाइट मिळतात, ४ सेकंदांत. एका प्लाझ्मा रिफायनरीचे तेल दोन क्रॅकिंग रिफायनऱ्यांना पुरते. या तिघींचा एकत्र हिशोब केला तर २ क्रूडमागे ३ हायड्रोजन आणि २ ग्रॅफाइट पडतात. लॅबला मात्र दोन्ही सारखेच हवेत. म्हणजे प्रत्येक २ क्रूडमागे १ हायड्रोजन जादा होतो आणि ओळ काही वेळाने बंद पडते. मांडणीत काहीही चुकलेले नसताना ओळ थांबली म्हणून लोक चक्रावतात ते याच ठिकाणी.

कमी पडणारे ग्रॅफाइट कोळशापासून आणा. आर्क स्मेल्टर २ कोळशांचे १ ग्रॅफाइट २ सेकंदांत करतो. जुळणारे प्रमाण असे: ४ प्लाझ्मा रिफायनऱ्या, ८ क्रॅकिंग रिफायनऱ्या, २ स्मेल्टर, ९ लॅब. क्रूड सेकंदाला २, कोळसा २. हायड्रोजन ३, ग्रॅफाइट ३. मिनिटाला ९० लाल मॅट्रिक्स. वीज साधारण १६.५६ मेगावॅट, त्यात रिफायनऱ्यांचे ११.५२, लॅबचे ४.३२ आणि उरलेले स्मेल्टरचे.

इथे तिसरा स्मेल्टर लावावा, म्हणजे ग्रॅफाइट नेहमी मुबलक आणि हायड्रोजन किंचित तुटपुंजा राहील. पण मग दुसरा धोका उभा राहतो. क्रॅकिंगमधूनही ग्रॅफाइट निघते. बेल्ट स्मेल्टरच्या ग्रॅफाइटने भरला तर क्रॅकिंगच्या ग्रॅफाइटला जागा मिळत नाही, क्रॅकिंग थांबते, तेल साचते, आणि शेवटी प्लाझ्मा रिफायनरी बंद. म्हणून दोन्ही ग्रॅफाइट जिथे मिळतात तिथे स्प्लिटर (बेल्ट जोडणारा किंवा विभागणारा भाग) ठेवा आणि क्रॅकिंगकडून येणाऱ्या बाजूला इनपुट प्रायॉरिटी द्या, म्हणजे त्या बाजूचा माल आधी घेतला जाईल. स्मेल्टर अडकून राहिला तर त्यात काहीच नुकसान नाही.

क्रॅकिंगचा हायड्रोजन फिरता ठेवण्याची रीत हा वेगळाच डोकेदुखीचा विषय आहे. बहुतेक जण एक गोल बेल्ट करतात: त्यावरूनच हायड्रोजन घ्यायचा आणि त्यावरच परत टाकायचा. असा गोल बेल्ट भरून फिरू लागला की क्रॅकिंग रिफायनरी दोन उचलते, दोनच टाकू शकते आणि तिसरा हातात धरून उभी राहते. गोल करूच नका. क्रॅकिंगच्या बाहेरचा बेल्ट आणि आतला बेल्ट वेगळे ठेवा. बाहेरचा बेल्ट एका स्प्लिटरवर आणा. त्याचा एक फाटा आतल्या बेल्टला द्या आणि त्या फाट्याला आउटपुट प्रायॉरिटी लावा. दुसरा फाटा लॅबकडे. आतला बेल्ट शेवटच्या क्रॅकिंग रिफायनरीपाशी संपला पाहिजे. तो भरला की मागे दाब येतो आणि उरलेला सगळा हायड्रोजन आपोआप लॅबकडे वळतो. प्लाझ्माकडून येणारा हायड्रोजन आतल्या बेल्टवर सोडण्याची गरज नाही, तो थेट लॅबच्या बेल्टला मिळवा. फक्त पहिल्यांदा चालू करताना प्रत्येक क्रॅकिंग रिफायनरीत हाताने थोडा हायड्रोजन टाकावा लागतो. दहा-वीस पुरेत.

सॉर्टरचा वेगही इथे आडवा येतो. क्रॅकिंगमधून सेकंदाला ०.७५ हायड्रोजन बाहेर पडतो. मार्क १ सॉर्टर एका घराच्या अंतरावर सेकंदाला १.५ उचलतो, दोन घरांवर ०.७५ आणि तीन घरांवर फक्त ०.५. तीन घरे लांब सॉर्टर लावला तर रिफायनरी दोन तृतीयांश वेगानेच चालेल, आणि मागच्या प्लाझ्मा रिफायनरीत तेल साचल्याने तिचाही वेग पडेल. पूर्ण तुंबण्यापेक्षा हे ओळखायला अवघड, कारण सगळे चालू दिसते. अशा ठिकाणी बेल्ट जवळ आणा किंवा मार्क २ लावा.

जाळून टाकणे

थर्मल पॉवर प्लँटमध्ये हायड्रोजन जाळता येतो आणि सुरुवातीच्या काळात हा मार्ग चांगलाच आहे. एका हायड्रोजनमध्ये ९ मेगाज्यूल असतात. प्लँटची कार्यक्षमता ८० टक्के आणि क्षमता २.१६ मेगावॅट, म्हणजे पूर्ण भारावर तो सेकंदाला २.७ मेगाज्यूल इंधन खातो, साधारण ३.३ सेकंदांना एक हायड्रोजन. सहा रिफायनऱ्यांचा सेकंदाला १.५ हायड्रोजन पाच प्लँट जाळतात आणि १०.८ मेगावॅट वीज देतात. गेम २१ जानेवारी २०२१ रोजी अर्ली ॲक्सेसमध्ये आला तेव्हापासून यातले काही आकडे बदलत आले आहेत, म्हणून तुमच्या आवृत्तीत वस्तूवर माउस नेऊन एकदा पडताळा.

मेख ‘पूर्ण भारावर’ या शब्दांत आहे. थर्मल प्लँट विजेच्या मागणीच्या प्रमाणातच इंधन जाळतो. ग्रिडवर मागणी कमी असेल तर हायड्रोजनही कमी जळतो. प्लँटची संख्या वाढवून उपयोग होत नाही, वीस प्लँट पाव भारावर तेवढाच हायड्रोजन खातात जेवढा पाच प्लँट पूर्ण भारावर. काही दिवस नीट चाललेली रिफायनरी तुम्ही सोलर पॅनल किंवा फ्यूजन प्लँट लावल्यावर बंद पडू लागली असेल तर कारण हेच: नव्या विजेने थर्मलचा वाटा खाल्ला.

त्यामुळे हायड्रोजन जाळायचाच तर त्याच्यासाठी वेगळे ग्रिड करा, ज्यावर दुसरे मोठे वीजस्रोत नाहीत. दोन ग्रिडचे टेस्ला टॉवर इतके दूर ठेवा की त्यांच्यात जोडणीची रेषा उमटणार नाही. त्या ग्रिडवर निदान १०.८ मेगावॅटचा कायमचा भार हवा. सहा रिफायनऱ्या स्वतः ५.७६ मेगावॅट घेतात. प्लास्टिकचे केमिकल प्लँट प्रत्येकी ७२० किलोवॅट आणि ऑइल एक्स्ट्रॅक्टर ८४० किलोवॅट घेतात, तेही याच ग्रिडवर घ्या. तरी भार कमी पडत असेल तर कधीच न थांबणारी यंत्रे निवडून जोडा. मधूनच थांबणाऱ्या लॅबवर हा हिशोब उभा करू नका.

अशा ग्रिडवर एक-दोन विंड टर्बाइन ठेवा. सगळे थंड पडले तर रिफायनरीला चालू व्हायला वीज लागते आणि वीज व्हायला हायड्रोजन लागतो. टर्बाइन प्रत्येकी ३०० किलोवॅट देऊन ती गाठ सोडवते.

ग्रहांमधली वाहतूक सुरू झाल्यावर

गॅस जायंटभोवती ऑर्बिटल कलेक्टर बसवले की हायड्रोजन भरपूर मिळतो, आणि नेमके तेव्हाच रिफायनऱ्या जास्त तुंबू लागतात. कारण साधे आहे. कॅसिमिर क्रिस्टलचा कारखाना आपल्या स्टेशनवर हायड्रोजन मागतो, व्हेसल (स्टेशनची मालवाहू याने) कलेक्टरकडून तो आणतात, स्टेशनचा खाना भरतो, आणि शेजारच्याच रिफायनरीच्या बेल्टवरून येणाऱ्या हायड्रोजनला त्या खान्यात जागा उरत नाही. एका स्टेशनवर तीच वस्तू दोन खान्यांत लावता येत नाही, तेव्हा खान्यांची युक्तीही चालत नाही.

शक्य तिथे उपउत्पादनाचा हायड्रोजन स्टेशनमध्ये टाकूच नका. त्याचा बेल्ट थेट कॅसिमिरच्या ओळीकडे न्या. स्टेशनमधून निघणारा बेल्ट आणि हा बेल्ट स्प्लिटरवर मिळवा आणि उपउत्पादनाच्या बाजूला इनपुट प्रायॉरिटी द्या. एका कॅसिमिर क्रिस्टलला १२ हायड्रोजन लागतात, ४ सेकंदांत, म्हणजे मार्क २ असेंबलर सेकंदाला ३ हायड्रोजन खातो. बारा रिफायनऱ्यांचे ओझे एक असेंबलर उचलतो. कलेक्टर मागे अडून राहिले तर राहू द्यात, त्यांच्यात प्रत्येक वायूचा हिशोब वेगळा असतो आणि हायड्रोजन भरल्याने ड्युटेरियम थांबत नाही.

रिफायनरी एका ग्रहावर आणि वापर दुसऱ्यावर असेल तर रिफायनरीच्या स्टेशनवर हायड्रोजन ‘रिमोट सप्लाय’ (इतर ग्रहांना पुरवठा) लावा, त्या स्टेशनवर ‘डिमांड’ (मागणी) नको. मग एकूण मागणीतून सगळे उपउत्पादन वजा करा आणि कलेक्टर त्या उरलेल्या आकड्यापेक्षा कमीच बसवा. मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त असली तरच व्हेसल सगळीकडचा माल उचलतात.

याच स्टेशनवर व्हेसलच्या किमान भाराचा स्लायडरही पाहा. संशोधनाने व्हेसलची क्षमता २०० वरून १,००० पर्यंत वाढते. किमान भार १०० टक्के आणि हायड्रोजनच्या खान्याची कमाल मर्यादा ५०० ठेवली असेल तर हजाराचा भार कधीच जमत नाही आणि व्हेसल जागचे हलत नाही. आधी चालणारी मांडणी क्षमतेचे संशोधन झाल्यावर थांबली असेल तर हे पहिले तपासा.

ड्युटेरियम करून खपवायचा विचार असेल तर

फ्रॅक्शनेटरमधून जाणाऱ्या हायड्रोजनपैकी १ टक्का ड्युटेरियम होतो, बाकीचा पुढे जातो. पूर्ण भरलेल्या मार्क ३ बेल्टवर, म्हणजे सेकंदाला ३० च्या वेगावर, एक फ्रॅक्शनेटर जेमतेम ०.३ हायड्रोजन खातो. तुंबलेला हायड्रोजन खपवायला तो तोकडा पडतो. मिनिएचर पार्टिकल कोलायडर १० हायड्रोजनचे ५ ड्युटेरियम २.५ सेकंदांत करतो, म्हणजे सेकंदाला ४ हायड्रोजन, सोळा रिफायनऱ्यांइतका. त्याला १२ मेगावॅट वीज लागते. पण ड्युटेरियमलाही गिऱ्हाईक हवे. स्ट्रेंज मॅटरला प्रत्येकी १० लागतात, ड्युटेरॉन फ्युएल रॉडलाही लागते. दोन्ही थांबले तर कोलायडर थांबेल आणि तुंबणे एक पायरी मागे सरकून परत रिफायनरीत येईल.

हाच रोग आणखी दोन ठिकाणी

फायर आइसपासून ग्राफीन करताना २ फायर आइसचे २ ग्राफीन आणि १ हायड्रोजन होतात, २ सेकंदांत. ग्राफीन आटले आणि फायर आइस भरपूर आहे असे दिसले तर केमिकल प्लँटमधला हायड्रोजन पाहा. सुदैवाने कॅसिमिर क्रिस्टलला २ ग्राफीनसोबत १२ हायड्रोजन लागतात, त्यामुळे दोन्ही एकाच ओळीत घेतले आणि या हायड्रोजनला प्रायॉरिटी दिली तर प्रश्न तिथल्या तिथे मिटतो.

दुसरे ठिकाण अँटिमॅटरचे. कोलायडरमध्ये २ क्रिटिकल फोटॉनपासून २ अँटिमॅटर आणि २ हायड्रोजन निघतात. अँटिमॅटर फ्युएल रॉडला दोन्ही समान संख्येने लागतात, तिथे शिल्लक राहत नाही. पांढऱ्या मॅट्रिक्सला मात्र अँटिमॅटरच लागते, आणि मागे तेवढाच हायड्रोजन उरतो. रॉडचा साठा भरून ती ओळ थांबली की काही वेळाने पांढरी मॅट्रिक्सही थांबते. दोन्हींचा संबंध नाही असे वाटून बरेच जण डायसन स्फिअर आणि रे रिसीव्हर तपासत बसतात, तर अडथळा कोलायडरच्या हायड्रोजनच्या चौकोनात असतो. पांढऱ्या मॅट्रिक्सचे कोलायडर रॉडच्या कोलायडरपासून वेगळे ठेवा आणि त्यांचा हायड्रोजन कॅसिमिरच्या स्प्लिटरवर प्रायॉरिटीच्या बाजूने सोडा. अंतरामुळे बेल्ट नेता येत नसेल तर त्याला ‘रिमोट सप्लाय’ लावून कलेक्टरची संख्या त्या हिशोबाने कमी करा.